छायाचित्रातील विमानाला नाव कोण देतो?

युद्धाच्या आठवणी निघाल्या की वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत विमानांची जुनी छायाचित्रे छापली जातात. त्यांच्याखाली बहुधा एकच ओळ असते : 'शत्रूवर झेपावणारे आपले लढाऊ विमान'. हे विमान कोणते, कोणत्या वर्षीचे, छायाचित्र कोठे काढलेले, याची वास्तपुस्त करावी असे कोणाला वाटत नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या व्हरांड्यात १९६५ च्या युद्धाची माहिती देणारा तक्ता प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आला. त्यावर आपल्या नॅट विमानाचा पराक्रम सुवाच्य अक्षरांत वर्णिला होता. वर चिकटवलेल्या चित्रातील विमानाच्या नाकाशी मात्र हवा आत घेणारे मोठे तोंड होते. नॅटला असे तोंड नसते. त्याचे हवा घेण्याचे मार्ग चालकाच्या आसनामागे दोन्ही कुशींना असतात. चित्रातले विमान होते सेबर, म्हणजे ज्याच्याशी नॅटने झुंज दिली तेच. शत्रूच्या विमानाला हार घालून आपण मुलांकडून त्याला वंदन करवीत होतो. ही गोष्ट तेथील एका शिक्षकांच्या कानावर घातली तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, विमान ते विमान, त्यात काय एवढे?"

हा प्रश्न आपल्याकडे प्रामाणिकपणे विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. दुर्मिळ, विचित्र आणि विस्मृतीत गेलेली लष्करी विमाने छायाचित्रांवरून ओळखणे हा जगभर पुष्कळांचा छंद आहे, आणि सर्व छंदांप्रमाणे त्यातही वेडाचा अंश आहे. पत्र्याच्या सांध्यावरील रिव्हेटांच्या ओळींवरून तासन्‌तास वाद घालणाऱ्यांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु या छंदामागे जी शिस्त आहे, ती इतिहासाच्या अभ्यासकाला, संपादकाला आणि साध्या वाचकालाही आज हवी आहे. कागद अस्सल की बनावट हे पाहण्याची रीत आपल्याकडे राजवाड्यांच्या पिढीने घालून दिली. अक्षराचे वळण, मायना आणि मिती तपासल्याशिवाय कागद पुराव्यात घ्यावयाचा नाही, हा त्या पिढीचा दंडक होता. छायाचित्राच्या बाबतीत मात्र आपण तो दंडक गुंडाळून ठेवला आहे. छायाचित्र ही आपल्या लेखी मजकुराची शोभा. तो एक स्वतंत्र दस्तऐवज आहे हे आपल्या गावीही नाही.

वस्तुतः छायाचित्र स्वतः काहीच सांगत नाही. नाव देतो तो पाहणारा. ते नाव कशाच्या आधारावर दिले हे त्याला सांगता आले पाहिजे, एवढाच या विद्येचा मुख्य नियम आहे. तो पाळला तर काय साधते आणि मोडला तर काय होते, हे दुसऱ्या महायुद्धातील काही घटनांवरून स्पष्ट दिसते.

लंडनच्या पश्चिमेस थेम्सच्या काठी मेडमनॅम येथे डेन्सफील्ड हाऊस नावाचा एक मोठा वाडा आहे. १९४१ पासून तेथे ब्रिटिश हवाई दलाचे छायाचित्रवाचनाचे केंद्र होते. टेहळणी विमानांनी शत्रूच्या प्रदेशावरून काढून आणलेली छायाचित्रे तेथे रात्रंदिवस तपासली जात. तपासणाऱ्यांत सैनिकी पेशाबाहेरचे विद्वान बरेच होते. ह्यू हॅमशॉ टॉमस हे केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ, दगडात उमटलेल्या प्राचीन पानांच्या ठशांचे जाणकार. ग्लिन डॅनिअल हे पुरातत्त्ववेत्ते. हे डॅनिअल आणि त्यांचे समव्यवसायी स्ट्युअर्ट पिगट यांना पुढे याच कामासाठी दिल्लीस धाडण्यात आले. पिगट यांनी येथील मुक्कामात आपल्या देशाच्या प्रागितिहासाचा जो अभ्यास केला, त्याचेच फळ म्हणजे १९५० साली निघालेला त्यांचा 'प्रिहिस्टॉरिक इंडिया' हा ग्रंथ. उभ्या पिकाच्या रंगातील फरकावरून मातीखालची भिंत ओळखणारा माणूस आणि झाडीच्या कडेला उभे केलेले विमान ओळखणारा माणूस यांच्या नजरेत फारसे अंतर नसते.

मेडमनॅमच्या विमान-विभागाच्या प्रमुख होत्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ. युद्धापूर्वी त्या 'द एरोप्लेन' या नियतकालिकासाठी लिहीत असत. त्यांच्यापुढे येणारे काम किती सूक्ष्म असे, हे एका साध्या गणितावरून ध्यानात येईल. तीस हजार फूट उंचीवरून छत्तीस इंची, म्हणजे तीन फुटी नाभीय अंतराच्या भिंगाने छायाचित्र काढले, तर त्याचे प्रमाण एकास दहा हजार असे पडते. जमिनीवर ज्याच्या पंखांचा विस्तार वीस फूट आहे असे विमान त्या कागदावर अवघ्या ०.६ मिलिमीटरचे उमटते. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा तो ठिपका. त्याचे पंख कोणते, शेपूट कोणती, तो विमान आहे की कागदावरचा डाग, हे भिंगातून पाहून ठरवायचे. एकाच जागेची एकावर एक येणारी दोन छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवून दुहेरी भिंगाच्या उपकरणातून पाहिली म्हणजे इमारती व विमाने कागदावरून वर उठून दिसतात. सावलीच्या लांबीवरून उंची कळते. हे सारे करूनही जे कळते ते बहुधा नाव नसते. ते फक्त माप असते.

आणि येथेच या बाईंच्या कामाची थोरवी दिसते. १९४३ च्या जून महिन्यात बाल्टिक किनाऱ्यावरील पेनम्युंड येथील छायाचित्रांत त्यांना शेपूट नसलेली चार लहान विमाने दिसली. त्यांची नजर ज्यांवर तयार झाली होती त्या कोणत्याही विमानाशी ती जुळत नव्हती. अशा वेळी ओळखीच्या एखाद्या विमानाचे नाव देऊन मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. त्यांनी तसे केले नाही. पंखांचा विस्तार मोजला, तो तीस फुटांच्या आसपास भरला, आणि त्या विमानाची नोंद 'पेनम्युंड ३०' अशी झाली. जेवढे ठाऊक तेवढेच नावात. पुढे ते मेसरश्मिट १६३ हे अग्निबाणाच्या इंजिनावर उडणारे विमान असल्याचे निष्पन्न झाले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना सांगण्यात आले की, चालक नसलेल्या एखाद्या फार लहान विमानाचा माग घ्या. त्यांनी पेनम्युंडची आधीची छायाचित्रे पुन्हा काढली, आणि ती वस्तू तेथे आधीपासूनच होती! एका इमारतीजवळ एक इवलासा क्रूस. तोच कागद तज्ज्ञांच्या नजरेखालून पूर्वी गेला होता. परंतु असे काही असू शकते ही कल्पनाच मनात नसल्याने डोळ्यांना ते दिसले नव्हते. मोजमाप वीस फुटांच्या आसपास आले, म्हणून नाव पडले 'पेनम्युंड २०'. (प्रत्यक्षात ते साडेसतरा फुटांच्या जवळपास होते. एक मिलिमीटरही न भरणाऱ्या ठिपक्यावरून केलेल्या मापनात एवढी चूक क्षम्य मानावी.) किनाऱ्याजवळ काही तिरकस बांधकामे होती. ती गाळ उपसण्याच्या कामाची असावीत, असे आधीच्या वाचकांनी ठरवून टाकले होते. २८ नोव्हेंबर १९४३ रोजी जॉन मेरिफील्ड हा वैमानिक मॉस्किटो विमान घेऊन बर्लिनची छायाचित्रे काढण्यास निघाला. तेथे ढग असल्यामुळे तो बाल्टिक किनाऱ्याकडे वळला. त्याने आणलेल्या छायाचित्रांत त्या 'गाळाच्या' तिरकस बांधकामावरच तो इवला क्रूस चढवून ठेवलेला दिसला. गाळाचा अर्थ कोसळला. उत्तर फ्रान्समध्ये त्याच सुमारास उभ्या राहत असलेल्या, लंडनच्या दिशेने रोखलेल्या चमत्कारिक बांधकामांचा अर्थही त्याबरोबर उलगडला. ते उडते बाँब होते. १३ जून १९४४ रोजी त्यांतील पहिला लंडनवर पडला. पुढील काही महिन्यांत त्यांनी ब्रिटनमध्ये सहा हजारांवर माणसे मारली. उत्तर फ्रान्समधील तळ त्याआधीच ओळखून त्यांवर हल्ले झाले नसते, तर हा आकडा कोठे गेला असता याची कल्पना करावी.

हे श्रेय एकट्या छायाचित्राचे नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. पोलिश देशभक्तांनी जीव धोक्यात घालून बातम्या पाठविल्या होत्या. १९४३ च्या ऑगस्टात चाचणीचा एक नमुना बॉर्नहोम बेटावर येऊन पडला, तेव्हा डेन्मार्कच्या एका नौदल अधिकाऱ्याने त्याची छायाचित्रे व रेखाटने करून ती गुप्तपणे बाहेर पोहोचवली होती. छायाचित्राला अशी इतर साक्षीदारांची जोड लागते. ती नसेल तेव्हा निर्णय राखून ठेवावा लागतो.

तो राखून न ठेवल्यास काय होते? ज्या जर्मनीचे उडते बाँब छायाचित्रातून पकडले गेले, त्याच जर्मनीने छायाचित्रांतूनच ब्रिटिशांना एक कधीही अस्तित्वात नसलेले विमान देऊ केले आणि त्यांनी ते घेतलेही. हाइनकेल कारखान्याचे 'हाइनकेल १००' हे अत्यंत वेगवान विमान होते. ३० मार्च १९३९ रोजी त्याने ताशी ७४६ किलोमीटरचा जागतिक उच्चांक केला. परंतु जर्मन हवाई दलाने ते सेवेत घेतले नाही. जी मोजकी तयार झाली त्यांतील काही रशिया व जपान यांना विकली गेली. उरलेल्या डझनभर विमानांवर निरनिराळ्या तुकड्यांची खोटी चिन्हे रंगवून, पुन्हा पुसून, पुन्हा दुसरी रंगवून, त्यांची छायाचित्रे १९४० साली प्रसिद्ध करण्यात आली. चित्राखालची ओळ सांगत होती की, 'हाइनकेल ११३' हे नवे लढाऊ विमान आता आघाडीवर दाखल झाले आहे. शत्रूची विमाने ओळखण्यासाठी ब्रिटनमध्ये जे तक्ते निघत त्यांत या विमानाचा समावेश झाला. आणि मग ब्रिटिश वैमानिक आकाशात त्याला पाहू लागले. आपण 'हाइनकेल ११३' शी लढलो, असे अहवाल त्यांनी प्रामाणिकपणे लिहून दिले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना दिसलेले विमान बहुधा मेसरश्मिट १०९ असावे. परंतु तक्त्याने डोक्यात एक नाव घालून ठेवले होते आणि डोळ्यांनी त्या नावाला देह मिळवून दिला.

पेनम्युंडला जे होते ते दिसले नाही; येथे जे नव्हते ते दिसले. दोन्हींचे कारण एकच. माणूस डोळ्यांनी पाहतो त्याहून अधिक आपल्या जवळच्या नावांनी पाहतो. युद्ध सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशांचीच दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली आणि एक तरुण वैमानिक प्राणाला मुकला. 'विमान ते विमान' म्हणणाऱ्यांनी एवढी एक घटना ध्यानात ठेवावी.

ओळखीच्या शास्त्रात विनोदालाही जागा आहे. जपानी विमानांची लांबलचक नावे दोस्त सैनिकांच्या तोंडी बसेनात, तेव्हा १९४२ साली ऑस्ट्रेलियात अमेरिकन अधिकारी फ्रँक मकॉय याने त्यांना साधी माणसांची नावे देण्याची प्रथा पाडली : लढाऊ विमानांना पुरुषांची, बाँबफेकी विमानांना स्त्रियांची. प्रसिद्ध झीरो विमान झाले 'झीक'. पुढे चौकोनी टोकांच्या पंखांचे एक विमान दिसले. ते नवे समजून त्याचे नाव 'हॅप' ठेवले गेले. अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड यांचे घरगुती नावही हॅपच. शत्रूच्या विमानाला आपले नाव मिळालेले त्यांना रुचले नाही, तेव्हा ते बदलून 'हॅम्प' केले. अखेरीस सापडलेल्या विमानाची तपासणी झाल्यावर कळले की, हे नवे विमान नव्हेच. पंखांची टोके कापलेला तो जुना झीरोच. जपानी तुकड्यांत लढाईसाठी कधीच न आलेल्या जर्मन मेसरश्मिटलाही त्या यादीत 'माइक' हे नाव बहाल झाले होते, ते वेगळेच.

युद्धानंतर टेहळणी विमानांची जागा उपग्रहांनी घेतली. परंतु भिंग मोठे झाले म्हणून बुद्धीचा हा दोष गेला नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन उपग्रहांना कास्पियन समुद्राच्या किनाऱ्याशी एक अजस्र यंत्र दिसले. लांबी नव्वद मीटरांहून अधिक, पंख मात्र अगदी आखूड, पुढच्या भागात आठ इंजिने आणि शेपटीवर दोन. विमान म्हणावे तर एवढ्या आखूड पंखांवर ते उडणार कसे, जहाज म्हणावे तर इंजिने कशासाठी? त्याच्या अंगावर 'के एम' ही दोन अक्षरे होती. त्यांचा अर्थ 'कास्पियन मॉन्स्टर' असा लावला गेला आणि त्या राक्षसाची दंतकथा झाली. रशियन भाषेत ती अक्षरे होती 'कोराब्ल-माकेत' या शब्दांची, म्हणजे निव्वळ 'नमुना जहाज'. रॉस्तिस्लाव अलेक्सेयेव यांनी रचलेले ते यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून थोड्याच मीटरांवर, पंखाखाली दाबल्या जाणाऱ्या हवेच्या आधारे धावत असे. म्हणून त्याला लांब पंख नको होते. ते विमान आणि जहाज या दोन्ही कप्प्यांत न बसणारे होते, आणि पाहणाऱ्यांजवळ तिसरा कप्पाच नव्हता. १९८० साली अपघातात ते बुडाले.

हे सारे परदेशांतले झाले. आपल्याकडे कोणाला कसले कोडे सोडवायचे आहे, असे कोणी म्हणेल. त्याने १९४९-५० च्या सुमारास या उपखंडात काढलेले एखादे छायाचित्र समोर ठेवावे. चार इंजिनांचे, शेपटीवर दोन उभे पडदे असलेले एक मोठे बाँबफेकी विमान धावपट्टीवर उभे आहे. चिन्ह अस्पष्ट आहे. हे विमान कोणाचे? त्या काळात असे विमान भारताकडेही होते आणि पाकिस्तानकडेही. भारताचे होते अमेरिकन बनावटीचे लिबरेटर, पाकिस्तानचे ब्रिटिश बनावटीचे हॅलिफॅक्स. दोघांत फरक करण्याची खूण साधी आहे. लिबरेटरला नाकाखाली चाक असते, त्यामुळे ते जमिनीवर सपाट उभे राहते. हॅलिफॅक्सचे तिसरे चाक शेपटीखाली असते, त्यामुळे त्याचे नाक वर आणि पाठ मागे उतरती असते. एका चाकाच्या जागेवरून देश ठरतो.

आणि ते लिबरेटर असेल तर त्याच्यामागे केवढा इतिहास उभा आहे! महायुद्ध संपल्यावर ही विमाने कानपूरला टाकून देण्यात आली. पुन्हा कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून जाताना त्यांची मोडतोड करण्यात आली होती. काश्मीरचे युद्ध सुरू होते आणि नव्या भारतापाशी जड बाँबफेकी विमाने नव्हती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी या भंगारातून एकेक विमान उभे केले. कानपूरहून ती कशीबशी उडवीत बंगळुरास नेऊन तेथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. १९४८ च्या अखेरीपासून ती हवाई दलात दाखल होऊ लागली. पुढे पुण्याजवळच्या लोहगावाहूनही ती सागरी टेहळणीसाठी उडत. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. तोवर जगात इतरत्र ती जवळपास नामशेष झाली होती. म्हणूनच आज ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा येथील संग्रहालयांत जी लिबरेटर विमाने दिसतात त्यांतील काही आपल्याकडून गेलेली आहेत. परदेशी अभ्यासकांनी क्रमांकावरून क्रमांक जुळवून त्यांचा पूर्वेतिहास शोधून काढला. लोहगावच्या आसपास ज्यांचे बालपण गेले त्यांच्या घरच्या आल्बमात याच विमानांची छायाचित्रे असण्याचा संभव आहे. त्यांच्या पाठीवर काय लिहिलेले असेल? 'विमान, पुणे' एवढेच. तेही लिहिलेले असले तर.

अशा छायाचित्राचा काळ ठरविण्यास विमानावरील वर्तुळाकार चिन्हाची मोठी मदत होते. ब्रिटिशांच्या चिन्हात मधोमध लाल ठिपका असे. जपान युद्धात उतरल्यावर या आघाडीवर तो काढून टाकण्यात आला. कारण जपानी विमानांवरही लाल गोळा होता आणि घाईत आपलाच माणूस गोळी घालण्याची भीती होती. म्हणून ब्रह्मदेशाच्या मोहिमेतील विमानांवर केवळ गडद आणि फिक्या निळ्या रंगाची वर्तुळे आढळतात. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर अशोकचक्र होते. प्रजासत्ताकाबरोबर तिरंगी वर्तुळ आले. चक्र दिसले की छायाचित्र साधारणपणे १९४७ ते १९५० या काळातले.

मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. जुन्या काळच्या पुष्कळ फिल्म्स लाल रंगाला आंधळ्या असत; त्यांत लाल व पिवळा काळसर उमटतो आणि निळा फिका पडतो. पिवळ्या रंगाचे शिकाऊ विमान अशा छायाचित्रात रात्रीच्या हल्ल्यासाठी काळे रंगवल्यासारखे दिसते. कधी निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेली असते आणि डावे उजवे होते. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या उजव्या पंखाखाली पाणी थंड करणारी मोठी पेटी आणि डाव्या पंखाखाली तेल थंड करणारी लहान पेटी असे. ती जागा बदललेली दिसली की समजावे, चूक कारखान्याची नसून छापणाऱ्याची आहे. संग्रहालयातील विमानांना तर पुढे कोणीतरी दुसऱ्याच विमानाचा क्रमांक रंगवलेला असू शकतो. चित्राखालची ओळ, पाठीवरची नोंद, अंगावरचा क्रमांक यांतील कशालाही अंतिम मानता येत नाही. बनावटीचा आकार मात्र रंगाच्या डब्याने बदलत नाही.

आता याला एक नवे निकडीचे कारण मिळाले आहे. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर संगणकावरील युद्धखेळांतील दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून जगभर फिरली. 'आर्मा' या खेळाच्या निर्मात्या कंपनीला त्याच वर्षी जाहीर निवेदन काढून, ही दृश्ये आमच्या खेळातील असून खरी नाहीत, असे सांगावे लागले. आज तर काही शब्द टंकित केले की संगणक न घडलेल्या लढाईचे, न झालेल्या विमानाचे छायाचित्र तयार करून देतो. एकेकाळी 'हाइनकेल ११३' साठी निदान डझनभर खरी विमाने आणि रंगारी तरी लागले होते. दुसरीकडे, छायाचित्र दाखवले की विमानाचे नाव सांगणारी साधनेही संगणकावर आली आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. परंतु त्यांना जी विमाने हजारो चित्रांतून शिकवलेली असतात तीच ती सहज ओळखतात. दुर्मिळ विमानापुढे ती ओळखीच्या विमानाचे नाव ठोकून देण्याचा धोका असतो. 'पेनम्युंड ३०' असे सावध नाव त्यांना सुचेल असे वाटत नाही.

मग करावे काय? संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक अभिलेख जतन करण्याचे आणि सामान्यतः पंचवीस वर्षांनी ते खुले करण्याचे धोरण जाहीर केले. या धोरणाचा लाभ छायाचित्रांनाही लेखी दस्तऐवजांइतकाच मिळाला पाहिजे, आणि ती नुसती खुली करून भागणार नाही. ज्यांनी ही विमाने हाताळली ते तंत्रज्ञ व वैमानिक आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. लिबरेटरवर काम केलेले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले असतील. त्यांच्यासमोर ही छायाचित्रे ठेवून त्यांची साक्ष नोंदविण्याचे काम पुढच्या पंचवार्षिक आढाव्याची वाट पाहू शकत नाही. सरकारी खात्यांना हौशी अभ्यासकांची जी शिसारी असते ती त्यांनी थोडी बाजूला ठेवावी. या विषयातले ज्ञान आज कचेऱ्यांपेक्षा त्या हौशी मंडळींकडेच अधिक आहे. वर्तमानपत्रांनीही आपल्या संग्रहातील चित्र पुन्हा छापताना जुनी ओळ जशीच्या तशी उचलू नये. विमानाचे नाव ठाऊक नसेल तर 'विमानाची ओळख पटलेली नाही' असे छापण्यात कमीपणा नाही. वाचकांत कोणीतरी जाणता असतोच. तो दुसऱ्या दिवशी पत्र पाठवतो.

गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. तेथे सीलँड नावाचे, पाण्यावर आणि जमिनीवरही उतरू शकणारे एक लहानसे विमान ठेवलेले आहे. अशी विमाने जगात पंचवीसच्या आसपासच बनली. आपल्या नौदलाने १९५३ पासून त्यांतील काही वापरली आणि आपल्या नौदलाच्या हवाई शाखेचा आरंभ त्यांच्यापासून झाला. सहलीला येणारी मुले त्याच्यापुढून पळत जाऊन मोठ्या सुपर कॉन्स्टेलेशनपाशी उभी राहतात. शिक्षकांनी त्यांना क्षणभर थांबवावे आणि फलक न वाचता सांगावयास लावावे : पंख अंगाच्या वर आहेत की खाली, इंजिने किती, पोट होडीसारखे का, पंखांच्या टोकांखाली तरंगणारे फुगीर डबे कशासाठी. मग फलक वाचावा. घरी गेल्यावर आजोबांच्या ट्रंकेतले एखादे छायाचित्र निघाले तर त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने स्थळ, साल, ही माहिती कोणी सांगितली आणि त्याला ती कशी ठाऊक, एवढे लिहून ठेवावे. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूला उतरते.